वाटेवर सापडलेला पाना

(शाळेच्या हीरक महोत्सवात विद्यार्थी, माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



महोत्सवाच्या व्यासपीठावर थोर विषय मांडण्याचा प्रघात आहे. आजचा विषय मात्र अक्षरशः रस्त्याच्या धुळीतला आहे. सकाळी शाळेला निघालेल्या एखाद्या मुलाला, डांबर संपून मुरूम सुरू होतो त्या कडेवर, एक लोखंडी पाना पडलेला दिसतो. त्याच्या दोन तोंडांवर १२ आणि १३ हे आकडे उठवलेले आहेत. गंज चढलेला नाही, उलट बोटांना ग्रीस लागते. म्हणजे काल-परवापर्यंत तो कोणाच्या तरी हातात होता. आसपास माणूस नाही, गॅरेज नाही, थांबलेली गाडी नाही. अशा वेळी त्या मुलाने काय करावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो दिसतो तितका लहान नाही. गेली दोन हजार वर्षे स्मृतिकार, न्यायाधीश आणि संत या तिघांनीही त्याचा विचार केलेला आहे.

प्रथम तो पाना तेथे आला कसा, ते पाहावे. वाटेत गाडी बंद पडते. चालक किंवा मेकॅनिक खाली उतरतो, नट आवळतो आणि हातातला पाना फळीवर, बंपरवर किंवा चॅसिसच्या खाचेत ठेवतो. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात तो तेथेच राहतो. गाडी चालू लागते आणि पुढचे काम पदार्थविज्ञान करते. वळणावर गाडी वळते, पण मोकळी वस्तू जडत्वामुळे सरळ जाऊ पाहते, म्हणून ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन पडते. गतिरोधकावर गाडी उसळते आणि वस्तू अधांतरी राहते. खडबडीत रस्त्यावरच्या सततच्या थरथरीने घट्ट आवळलेला नटदेखील हळूहळू सुटतो. यामुळे हरवलेली अवजारे रस्त्यावर वाटेल तेथे सापडत नाहीत. गतिरोधकाच्या पुढे, वळणाच्या बाहेरच्या कडेला, घाटाच्या चढावर आणि पंक्चरच्या दुकानापासून थोड्या अंतरावर त्यांची दाटी असते. जाणाऱ्या चाकांचा धक्का त्यांना मधून बाजूला ढकलतो आणि अखेर ती कडेच्या मुरुमात स्थिरावतात. वर्गात शिकलेले जडत्व असे रस्त्याच्या कडेला प्रत्यक्ष पडलेले असते.

या कडेवर काय काय सापडते, याची यादी म्हणजे त्या रस्त्यावरून जाणाऱ्या श्रमांची यादीच होय. ट्रकमधून पडलेला जॅकचा दांडा, ताडपत्री आवळण्याची दोरी, डिझेलच्या टाकीचे झाकण आणि चाकाचा नट तेथे असतो. सायकलवरून कामाला जाणाऱ्या गवंड्याची थापी किंवा ओळंबा, सुताराची पटाशी, वायरमनची पक्कडही असते. शेताकडच्या रस्त्याला विळा, खुरपे, कासरा सापडतो. बैलगाड्यांच्या काळात बैलांच्या खुरांचे नाल आणि चाक आखावर धरून ठेवणारी खीळ सापडत असे. वाहने बदलली, पण हातांतून निसटण्याची रीत तीच राहिली.

आता त्या पान्याच्या किमतीकडे वळावे. भंगारवाल्याच्या काट्यावर पाना, विळा आणि तुटकी कडी यांत भेद नसतो. तेथे लोखंड किलोच्या भावाने मोजले जाते आणि शंभर-दीडशे ग्रॅमच्या पान्याचे फार तर काही रुपये येतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात, अहमदाबादच्या साबरमतीकाठच्या रविवारच्या गुजरीत किंवा मुंबईच्या चोरबाजारात, त्याला थोडी अधिक किंमत मिळेल. पण ज्याचा तो पाना हरवला, त्याच्या हिशेबात हे दोन्ही भाव खोटे आहेत. बारा-तेराचा पाना नसला की त्या मापाचा नट हलत नाही आणि नट हलला नाही की काम अडते. गॅरेजमध्ये हाताखाली काम शिकणाऱ्या पोराच्या हातून तो हरवला असेल, तर त्याला बोलणी खावी लागतात आणि कधी तुटपुंज्या मजुरीतून पैसेही कापले जातात.

भारतातील बहुतेक शहरांत सकाळी एखाद्या चौकात मजुरांचा नाका भरतो. रंगारी कुंचला घेऊन, सुतार करवत घेऊन, गवंडी थापी घेऊन उभा असतो. त्यांच्याजवळ पाटी नसते, ओळखपत्र नसते. हातातले अवजार पाहूनच गिऱ्हाईक त्यांना बोलावते. अशा माणसाचे अवजार वाटेत पडले, तर त्याची वस्तू जाते आणि तिच्याबरोबर त्या दिवसाची ओळखही जाते. म्हणून रस्त्यावर सापडलेली सोन्याची अंगठी आणि रस्त्यावर सापडलेला ओळंबा यांत मोठा फरक आहे. अंगठी हरवली तर सहसा दागिना हरवतो, ओळंबा हरवला तर चूल अडते.

हरवलेल्या वस्तूचे काय करावे, याचा विचार आपल्या धर्मशास्त्रात बारकाईने झाला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्या धनाचा स्वामी सापडत नाही ते राजाने तीन वर्षे ठेव म्हणून सांभाळावे आणि त्या मुदतीत स्वामी आला तर त्याला ते मिळावे. पण ‘हे माझे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. वस्तू कोठे व केव्हा हरवली, तिचा रंग, आकार, माप व संख्या काय, हे त्याने सांगितले पाहिजे. ते सांगता आले नाही, तर त्या वस्तूच्या किमतीइतकाच दंड त्याने भरावा. खोट्या दाव्याला इतकी चपखल शिक्षा क्वचितच कोणी योजली असेल. जितक्या किमतीचा लोभ, तितक्याच किमतीचा भुर्दंड.

गौतमधर्मसूत्रात सापडलेली वस्तू राजाला कळवण्यास, राजाने तिची दवंडी पिटण्यास आणि ती वर्षभर राखण्यास सांगितले आहे. वर्षानंतर तिचा चौथा हिस्सा सापडणाऱ्याला आणि उरलेला राजाला. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. निरनिराळ्या वचनांतील हिश्शांचा मेळ त्याने असा घातला: पहिल्या वर्षी स्वामी आला तर सारे धन त्याला द्यावे, दुसऱ्या वर्षी आला तर राखणीबद्दल बारावा भाग घ्यावा, तिसऱ्या वर्षी दहावा आणि त्यानंतर सहावा. म्हणजे काळ जातो तसा राखणाऱ्याचा हक्क वाढत जातो, पण स्वामीचा हक्क चटकन बुजत नाही. हे गणित पाहिले की लक्षात येते, हरवणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हे त्या काळीही पक्के ठाऊक होते.

इंग्लंडच्या न्यायालयांत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १७२२ साली धुराडी साफ करणाऱ्या एका गरीब मुलाला रत्नजडित दागिना सापडला. त्याची किंमत कळावी म्हणून तो मुलगा एका सोनाराच्या दुकानात गेला. तेथील उमेदवाराने वजन करण्याच्या बहाण्याने दागिन्यातील खडे काढून घेतले आणि मालकाने मुलापुढे दीड पेनी ठेवली. मुलाने ती नाकारली व दागिना परत मागितला, तेव्हा त्याच्या हातात खड्यांवाचून रिकामे कोंदण आले. प्रकरण न्यायालयात गेले. सापडणारा हा मालक होत नाही, परंतु खऱ्या मालकाखेरीज इतर साऱ्या जगाविरुद्ध त्याचा हक्क टिकतो, असा निर्णय झाला. सोनाराने मूळ खडे हजर केले नाहीत, तर त्या कोंदणात बसणारे उत्तमोत्तम खडेच तेथे होते असे धरून भरपाई ठरवावी, असेही ज्यूरीला सांगण्यात आले. धुराड्यातल्या काजळीने माखलेल्या त्या मुलाचा खटला आजही विधी महाविद्यालयांत शिकवला जातो.

भारतातील चालू कायदा या दोन्ही विचारांच्या जवळ उभा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी जपेल, तशी ती जपावी लागते. मालक शोधण्यास आणि वस्तू सांभाळण्यास आपखुशीने घेतलेल्या कष्टांबद्दल त्याला मालकावर दावा लावता येत नाही, परंतु भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मालकाने बक्षीस जाहीर केलेले असेल, तर त्यासाठी मात्र दावाही करता येतो. योग्य शोध घेऊनही मालक मिळाला नाही, किंवा त्याने वाजवी खर्च देण्यास नकार दिला, तर नेहमी विकली जाणारी अशी वस्तू विकण्याची मुभा कलम १६९ देते. पण तीही वस्तू नासण्याच्या बेतात असेल, किंवा सांभाळण्याचा खर्च तिच्या किमतीच्या दोनतृतीयांशांवर गेला असेल तरच. जमिनीत पुरलेल्या धनासाठी १८७८ चा वेगळा कायदा आहे. रस्त्यावर पडलेल्या पान्याचा त्याच्याशी संबंध नाही.

हा झाला दिवाणी व्यवहार. गुन्हा कोठे सुरू होतो, हे भारतीय दंडसंहितेच्या कलम ४०३ ने उदाहरणांसह सांगितले होते. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली ज्याचा मसुदा सिद्ध केला, ती संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यातील हे प्रकरण एखाद्या बोधकथेसारखे वाचता येते. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, तो कोणाचा ते ठाऊक नाही, अशा स्थितीत तो उचलणारा गुन्हेगार नाही. पण समोरच्या माणसाच्या खिशातून पाकीट पडताना पाहिले, ते परत देण्याच्या हेतूने उचलले आणि नंतर स्वतःच वापरले, तर तो गुन्हा. पाकीट कोणाचे हे उचलताना माहीत नव्हते, पुढे कळले, आणि तरीही ठेवून घेतले, तर तोही गुन्हा. मौल्यवान अंगठी सापडताच, मालकाचा काहीही शोध न घेता विकली, तर तोही गुन्हा. आता १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून ही तरतूद तिच्या कलम ३१४ मध्ये आहे.

या साऱ्यांतून एक सूत्र निघते. रस्त्यावरची वस्तू उचललीच पाहिजे अशी सक्ती कायदा कोणावर करीत नाही. मुलगा पान्याकडे पाहून पुढे निघून गेला, तर त्याला कोणी विचारणार नाही. पण त्याने वाकून तो हातात घेतला, त्या क्षणापासून तो राखणदार झाला. उचलण्यापूर्वी केवळ कुतूहल असते, उचलल्यावर कर्तव्य सुरू होते.

मराठी भाषेला हे मर्म फार आधी उमगलेले दिसते. ‘उचलणे’ या एकाच क्रियापदापासून तिने दोन नामे घडवली. नजर चुकवून दुसऱ्याची वस्तू लांबवणारा तो ‘उचल्या’. आणि मजुराने कामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम ती ‘उचल’. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांना या दुसऱ्या शब्दाचे ओझे चांगलेच माहीत आहे, कारण उचल कामाने फेडावी लागते. वाटेवरून उचललेल्या वस्तूपुढेही हेच दोन मार्ग असतात. माणूस उचल्या होतो, किंवा उचल घेतल्याप्रमाणे श्रमाने ती फेडतो. तिसरी फुकटची वाट शब्दकोशाने ठेवलेली नाही.

संतपरंपरेने या प्रश्नाकडे आणखी उंचीवरून पाहिले. पंढरपूरच्या राका आणि बाका या दांपत्याची कथा महाराष्ट्रात सांगितली जाते आणि उत्तरेत भक्तमालाच्या परंपरेतही रांका-बांका म्हणून ती परिचित आहे. दोघे रानात लाकडे वेचून पोट भरीत. वाटेत सोने पडलेले पाहून राकाने त्यावर माती ओढली, मागून येणाऱ्या पत्नीचे मन चळू नये म्हणून. बाकाने ते ओळखले आणि मातीवर माती कशाला टाकता, असे विचारले. ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण तिच्यातील दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग आजच्या विषयाला अधिक लागू पडतो. रानात दोन काटक्या एकत्र पडलेल्या दिसल्या, तरी ते त्यांना हात लावीत नसत. कोणीतरी त्या वेचून ठेवल्या असतील, अशी त्यांची समजूत. सुटी काटकी रानाची, पण दोन काटक्या एकत्र आल्या की तेथे माणसाचा हात लागलेला आहे. वस्तू पडलेली आहे की ठेवलेली आहे, हा भेद इतक्या हळुवारपणे कोणत्याही कायद्याने सांगितलेला नाही.

हा भेद ओळखणे हीच पहिली पायरी होय. पाना रस्त्याच्या कडेला एकटा, तिरका पडलेला असेल, तर तो बहुधा हरवलेला आहे. शेजारी फडके, दोन नट आणि विटेचा तुकडा असेल, तर त्याचा धनी चहा घ्यायला गेला असण्याचा संभव अधिक. त्याला हात लावू नये. दुसरी पायरी स्वतःच्या जिवाची. भरधाव वाहनांच्या मार्गात पाऊल टाकण्याइतकी कोणतीही वस्तू मोलाची नसते. बंद पेटी, पिशवी, डबा किंवा रेडिओ यांना तर स्पर्शही करू नये. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेल्या बाँबनी अनेकांचे प्राण घेतले. बेवारस वस्तूविषयी स्थानकांवर होणाऱ्या घोषणांमागे असे कटू अनुभव आहेत. अशा वस्तूपासून दूर होऊन पोलिसांना कळवणे, हेच तेथे कर्तव्य.

तिसरी पायरी शोधाची. मौल्यवान वस्तू पोलीस ठाण्यात द्यावी. १८६१ च्या पोलीस कायद्याने बेवारस मालमत्ता ताब्यात घेण्याचे काम पोलिसांकडे दिले आणि मालकाला पुढे येण्यासाठी जाहीरनाम्यापासून सहा महिन्यांची मुदत ठेवली. पुढे अनेक राज्यांनी आपापले पोलीस कायदे केले. जपानमध्ये ही व्यवस्था रोजच्या जीवनाचा भाग झाली आहे. चौकाचौकांतील पोलीस चौक्यांत सापडलेल्या वस्तू जमा होतात, २००७ पासून त्या तीन महिने राखल्या जातात आणि मालक मिळाल्यास त्याने किमतीच्या ५ ते २० टक्के रक्कम सापडणाऱ्याला द्यावी, असा नियम आहे. तेथील मुले लहानपणीच छोटे नाणेसुद्धा चौकीत नेऊन द्यायला शिकतात.

पण बारा-तेराच्या पान्यासाठी ठाण्याची पायरी कोण चढणार? त्यासाठी मुलाला जवळचे पंक्चरचे दुकान, चहाची टपरी किंवा बांधकामाचा फलक पुरेसा आहे. ‘एक अवजार सापडले आहे, खूण सांगून न्यावे’ एवढाच मजकूर लिहावा. अवजार कोणते, त्यावर कोणते आकडे, हे लिहू नये. ते मालकाने सांगायचे. मनूने जी परीक्षा राजाला सांगितली, तीच टपरीवरच्या कागदालाही लागू पडते. आणि यांतले काहीच जमले नाही, तर भारतभर चालणारी एक अलिखित रीत आहे. कोणाची किल्ली सापडली तर ती फाटकाच्या गजाला अडकवलेली दिसते, बाळाचा बूट कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेला दिसतो. अनोळखी माणसाने वस्तू उचलली, हातभर उंच ठेवली आणि तो निघून गेला. शोधत परत येणाऱ्याच्या नजरेला ती पडावी, इतकेच त्याने केले. या कृतीची नोंद कोठेही होत नाही, पण समाज अशाच कृतींनी एकत्र बांधलेला असतो.

हरवणाऱ्याचेही एक काम आहे. मराठी घरांत भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत होती. लग्नात आलेल्या तांब्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकीने ठोकून घेतली जाई. गाव सुटले, बदल्या झाल्या, इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत संसार थाटले गेले, पण पंगतीसाठी शेजारी गेलेले पातेले नावामुळे परत आले. कारागीरही अवजाराच्या मुठीवर खाच पाडतात, रंगाचा पट्टा ओढतात, सुतळी गुंडाळतात. ज्या वस्तूवर खूण आहे, तिला परतीची वाट आहे.

शेवटी हा विषय शाळेच्या दारात येतो. जवळपास प्रत्येक शाळेत सापडलेल्या वस्तूंचे एक कपाट असते. त्यात कंपास, डबा, एकच मोजा, पाण्याची बाटली, चश्म्याचे घर असते. प्रार्थनेनंतर शिक्षक घोषणा करतात आणि ‘रंग कोणता, झाकणावर काय आहे’ असे विचारतात. गौतमाची दवंडी, मनूची परीक्षा आणि करार कायद्याचे कलम ७१ ही तिन्ही त्या एका मिनिटात पार पडतात आणि दहा वर्षांच्या मुलाला त्यांपैकी एकाचेही नाव ठाऊक असण्याची गरज पडत नाही. शाळेच्या साठ वर्षांत किती मुले परीक्षांत पहिली आली, याची नोंद गौरवफलकावर असते. किती मुलांनी दुसऱ्याचा कंपास उचलून मुकाट्याने कपाटात आणून ठेवला, याची नोंद नसते. तरीही पालक मुलांना शाळेत पाठवतात, ते बऱ्याच अंशी या दुसऱ्या शिक्षणासाठी.

तो मुलगा अजून रस्त्याच्या कडेला उभा आहे. शाळेची पहिली घंटा व्हायला दहा मिनिटे आहेत. त्याने पाना उचलला, ग्रीस रुमालाला पुसली, वळणावरच्या पंक्चरवाल्याकडे तो दिला आणि कोठे सापडला ते सांगितले, तर त्याला पाच मिनिटे उशीर होईल. वर्गशिक्षकांनी कारण विचारावे, आणि ऐकून त्याला आत घ्यावे.